घर भाड्याने देणे आहे : पण कोणास?



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात ज्या छोट्या जाहिराती छापलेल्या असतात, त्या वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. तथापि एखाद्या समाजाची खरी मनोवृत्ती जाणून घ्यावयाची असेल, तर त्याच्या अग्रलेखांपेक्षा ह्या जाहिरातीच अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते. अग्रलेखात आपण कसे असावे ते माणूस लिहितो; जाहिरातीस ओळीमागे पैसे पडतात, म्हणून तीत त्याला खरोखर जे हवे असते तेवढेच तो लिहितो. 'दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळाचे पाणी, स्कूटर ठेवण्यास जागा. भाड्याने देणे आहे.' येथवर सारे यथास्थित असते. मग अखेरीस एक लहानशी ओळ येते : 'फक्त शाकाहारी कुटुंबास', 'छोट्या सुसंस्कृत कुटुंबास प्राधान्य', 'बॅचलर्स क्षमस्व', आणि कधी कधी तर अमुक एका समाजाचे नावच. वर्तमानपत्राची जागा आता पुष्कळ अंशी मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. परंतु जाहिरात पडद्यावर गेली तरी ती शेवटची ओळ तिच्याबरोबर गेलीच. आजचे माझे भाषण ह्या शेवटच्या ओळीविषयी आहे.

ही ओळ म्हणजे घरमालकाने आपल्या घरापुरता केलेला एक लहानसा कायदाच होय. तो कोणत्याही विधिमंडळात संमत झालेला नसतो, त्यावर कोणी चर्चा केलेली नसते, आणि ज्याला तो लागू होतो त्याला अपील नसते; त्याला बिऱ्हाड मिळत नाही, इतकेच. अशा हजारो लहान कायद्यांनी मिळून आपल्या शहरांतील वस्त्या आखल्या जात आहेत. देशाच्या मोठ्या कायद्याचे ह्या लहान कायद्यांविषयी काय म्हणणे आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी हा प्रश्न कोणापुढे उभा राहतो? ह्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा ह्या बाजूंच्या खेड्यांतून मुले-मुली शिक्षणासाठी परभणीस येतात. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतूनही विद्यार्थी येऊ लागले. ज्याला वसतिगृहात जागा मिळत नाही त्याला खोली शोधावी लागते. बदली होऊन आलेला बँकेतला कारकून, शाळेवर नेमणूक झालेली शिक्षिका, रुग्णालयातील परिचारिका, ह्यांनाही नव्या गावी पहिल्या आठवड्यात हेच काम असते. दूरध्वनीवर भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, जागा पाहावयास केव्हा यावे तेही ठरते. आणि मग पलीकडून सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो, 'आपले आडनाव काय?'

हा प्रश्न वरकरणी किती निरुपद्रवी! परंतु महाराष्ट्रात आडनाव हे केवळ हाक मारण्यासाठी नसते. त्यावरून ऐकणारा मनुष्य जात ताडतो, धर्म ताडतो, घरात काय शिजत असेल तेही ताडतो. आडनावावरून काही उलगडले नाही, तर 'मूळचे कुठले आपण?' हा दुसरा प्रश्न तयारच असतो. उत्तर मनाजोगते नसले तर नकार मात्र सरळ येत नाही. 'जागा कालच गेली', 'गावाहून भाऊ येणार आहे', 'घरात विचारून कळवतो', असे काही तरी सांगण्यात येते. आणि पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा झळकते. नाकारलेल्या मनुष्यास कारण समजलेले असते, पण ते सिद्ध करण्यास त्याच्या हाती काहीही नसते.

ही रीत शहरात नव्याने निर्माण झाली असे नाही. ती गावकुसाबरोबर आली. आपल्या खेड्यांची मांडणीच अशी होती की पत्ता सांगितला म्हणजे जात सांगून होई. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये असा निर्णय घेतला, की महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून त्यांस समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. निर्णय स्तुत्य होता. पण तो २०२० साली घ्यावा लागला ह्यातच पुष्कळ काही आले. त्यापूर्वीची एक आठवण मराठवाड्यास सुखाची नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत नांदेड, परभणी इत्यादी जिल्ह्यांतील अनेक खेड्यांत दलितांची घरे जाळण्यात आली. ज्याचे गावातले घर असे गेले, त्याने शहराकडे मोठ्या आशेने पाहावे हे स्वाभाविकच होते. शहरात कोणी कोणास ओळखत नाही, हा एरवी शहराचा दोष मानला जातो. अशा मनुष्यास तोच शहराचा गुण वाटतो. त्या गुणावरच आडनावाचा प्रश्न घाला घालतो.

ह्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मराठी वाचकांस ठाऊक असलेच पाहिजे. अमेरिकेत व इंग्लंडात उच्च शिक्षण घेऊन डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. ज्या संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते परदेशी शिकले, त्याच संस्थानच्या राजधानीत त्यांस राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. थोड्याच दिवसांत ते उघडकीस आले, काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले, आणि त्यांना तेथून निघावे लागले. दोघा स्नेह्यांकडे आसरा मिळेना. काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबईची वाट धरली. विद्या होती, हुद्दा होता, भाडे देण्याची ऐपत होती. नव्हते ते एकच, चालणारे आडनाव. पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांना एके काळी खोली मिळाली नव्हती, ही गोष्ट घराचा कायदा तपासताना विसरता येत नाही.

आता तो कायदा पाहू. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा पहिला भाग राज्यसंस्थेस बांधतो : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून राज्याने भेद करू नये. म्हणजे सरकारी निवासस्थान वाटताना आडनाव विचारता येणार नाही. खाजगी घरमालक मात्र ह्या भागाच्या कक्षेत येत नाही. दुसरा भाग खाजगी व्यवहारासही स्पर्श करतो. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव इत्यादी ठिकाणी कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे तो सांगतो. घर हा शब्द त्यात नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी ह्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी असा खुलासा केला, की 'दुकान' हा शब्द संकुचित अर्थाने घ्यावयाचा नाही. जो कोणी मोबदला घेऊन लोकांस सेवा देऊ करतो, त्याचे ते दुकानच. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शिक्षणसंस्थांच्या एका प्रकरणात ह्याच व्यापक अर्थाचा आधार घेतला. जो मनुष्य जाहिरात देऊन साऱ्या जगास 'या, जागा आहे' म्हणून बोलावतो, तोही एक प्रकारचे दुकानच उघडतो, असे म्हणण्यास येथे भक्कम आधार आहे.

सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि तो सर्वांनाच बांधतो. त्याच्या अंमलासाठी १९५५ साली जो कायदा झाला, त्याला आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. ह्या कायद्याच्या चौथ्या कलमात एक तरतूद आहे, ती फार थोड्या सुशिक्षितांस माहीत असते. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळविण्यास किंवा त्यात राहण्यास कोणास अडथळा केला, तर तो अपराध आहे; आणि त्याला एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा सांगितली आहे. इतकेच नव्हे, तर बाराव्या कलमाप्रमाणे अपमानित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे; तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. म्हणजे कायदा दुर्बळ नाही. दुर्बळ आहे ती त्याची ओळख. आणि 'जागा कालच गेली' हे सौजन्याने बोललेले असत्य त्याच्या तावडीतून सहज निसटते. शिवाय ह्या कायद्याची ढाल एका विशिष्ट अन्यायापुरतीच आहे. मुसलमान, ख्रिस्ती, परप्रांतीय, एकटी राहणारी स्त्री, ह्यांना तिचा उपयोग नाही.

भाडे-नियंत्रणाचे कायदे तरी ह्यात काही सांगतात काय? परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि पुढे दीर्घकाळ येथे १९५४ चा हैदराबादचा भाडे-कायदा चालू राहिला. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ह्याने घेतली. भाडे किती वाढवावे, भाडेकरूस केव्हा काढता येईल, करार लेखी व नोंदणीकृत असावा, ह्या गोष्टी अशा कायद्यांत येतात. परंतु त्यांचा सारा विचार भाडेकरू घरात शिरल्यानंतरचा आहे. उंबरठ्याच्या आत आलेल्यास संरक्षण. उंबरठ्याबाहेर आडनाव सांगत उभा असलेल्याविषयी मौन.

भाड्याच्या घराकडून मालकीच्या घराकडे वळलो, की सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपली नित्याची 'सोसायटी', समोर येते. ह्या चळवळीचा आरंभच मोठा बोधप्रद आहे. मुंबईस गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती आपल्याकडील अगदी पहिल्या अशा संस्थांपैकी होय. एका लहान समाजाच्या लोकांनी परक्या शहरात परस्परांच्या आधाराने घरे उभारावीत, हा हेतू उदात्त होता. परंतु आधारासाठी बांधलेली भिंत पुढे आडोशाची भिंत केव्हा होते, हे बांधणाऱ्यासही कळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ह्याच्या तेविसाव्या कलमात खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व आहे : पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सदस्यत्व नाकारता येणार नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. हे वाचून वाटते, की प्रश्न सुटला. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की केवळ पारशी व्यक्तींसच सदस्य करून घेण्याचा त्या संस्थेचा उपविधी बेकायदा नाही. संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य संविधानानेच दिलेले आहे, आणि अशा उपविधीस मनाई करावयाची असेल तर ते काम विधिमंडळाचे आहे. ह्या निकालावर पुष्कळ टीका झाली. तथापि त्यातील शेवटचा भाग नीट ऐकण्यासारखा आहे. न्यायालयाने दार बंद केले नाही. किल्ली कोणाकडे आहे ते दाखविले.

आणि आता जाहिरातीकडे येऊ. कारण आपल्या कायद्यातील विसंगती सर्वांत स्पष्ट दिसते ती येथेच. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला लोक 'रेरा' म्हणतात, त्याने बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींस मोठी शिस्त लावली. पाचशे चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील किंवा आठाहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक व संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही छापावा लागतो. बाराव्या कलमाप्रमाणे जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते. हे सर्व उत्तम आहे. घराचे क्षेत्रफळ चार चौरस फुटांनी कमी भरले तर ग्राहकास दाद मागता येते. परंतु त्याच जाहिरातीत 'अमुक समाजाकरिताच' असे छापले, आणि ते अक्षरशः खरे असले, तर? तेथे बारावे कलम थांबते. कारण ते असत्यावर उगारलेले आहे, अन्यायावर नव्हे. जाहिरात खोटी असेल तर आपला कायदा तिला पकडतो. जाहिरात खरी असून अपमानकारक असेल, तर तो तिच्याकडे पाहतही नाही.

येथे न्यायासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेराच्या नियमांप्रमाणे नोंदणीच्या वेळी विकासकाने जे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते, त्यात वाटपाच्या वेळी कोणाही ग्राहकाशी भेदभाव करणार नाही, अशी हमी असते. हे एक वाक्य मोलाचे आहे. परंतु ते बांधते ते विकासकास, आणि तेही पहिल्या विक्रीपुरते. सदनिका एकदा विकली गेली, की तिची फेरविक्री किंवा भाडे ह्यांस ते वाक्य लागू नाही. परभणीत ज्या खोल्या विद्यार्थ्यांस व नोकरदारांस भाड्याने दिल्या जातात, त्या बहुतेक घरमालकांच्या स्वतःच्या घरांतील असतात. त्यांच्या दारापर्यंत हा कायदा पोहोचतच नाही.

कोणी म्हणेल, हे अपवादात्मक प्रकार आहेत. म्हणून एक मोजमाप सांगतो. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दिल्ली व तिच्या परिसरात एक पाहणी केली. ती २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाली. भाड्याच्या घरांसाठी उच्चवर्णीय, दलित व मुसलमान अशा तिन्ही प्रकारच्या नावांनी दूरध्वनी करून विचारणा करण्यात आली. उच्चवर्णीय नावास नकार जवळजवळ मिळालाच नाही. दलित नावास शंभरांत सुमारे १८ वेळा, आणि मुसलमान नावास शंभरांत सुमारे ३१ वेळा सरळ नकार मिळाला. ज्यांस नकार मिळाला नाही, त्यांतील कित्येकांस अधिक भाडे किंवा अधिक अटी सांगण्यात आल्या. आणि हा प्रसंग आपल्यावर कधी येणार नाही असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी सप्टेंबर २०२३ मधील मुंबईची घटना आठवावी. मुलुंड येथे एका मराठी महिलेस कार्यालयासाठी जागा पाहताना सांगण्यात आले, की येथे महाराष्ट्रीय लोकांस जागा देत नाहीत. साऱ्या महाराष्ट्रात त्यावर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. परंतु जो संताप आपणांस नाकारले असता येतो, तो आपण नाकारतो तेव्हाही यावयास नको काय?

इतर देशांनी ह्यावर काय केले, ते थोडक्यात पाहू. इंग्लंडात एके काळी 'काळ्यांस जागा नाही' अशा पाट्या खिडक्यांत लागत, आणि तेथे गेलेल्या भारतीय कुटुंबांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या. १९६८ च्या कायद्याने तेथे घरांच्या बाबतीत वर्णभेदास बंदी झाली. त्याच वर्षी, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर सातच दिवसांनी, ११ एप्रिल रोजी अमेरिकेत गृहविषयक समतेचा कायदा झाला. त्यात एक बारकावा आहे, तो आपल्या कामाचा आहे. ज्या लहान घरात मालक स्वतः राहतो आणि दोन-तीन बिऱ्हाडे ठेवतो, त्याला भाडेकरू निवडण्याच्या बाबतीत त्या कायद्याने बरीच मोकळीक ठेवली. परंतु जाहिरातीच्या बाबतीत त्यालाही मोकळीक नाही. मनात काय असावयाचे ते असो. अमुक लोक नकोत असे चारचौघांत छापता येणार नाही. १९७२ साली तर तेथील एका न्यायालयाने, अशी जाहिरात छापणारा वर्तमानपत्राचा चालकही जबाबदार आहे, असा निर्णय दिला. हा भेद मोठा मार्मिक आहे. एका घरमालकाचा नकार एका मनुष्यास दुखवितो. छापील नकार तो वाचणाऱ्या प्रत्येकास दुखवितो, आणि ज्यांना नकार द्यावयाचा नव्हता अशा इतर घरमालकांसही शिकवितो की असे करावयाचे असते.

पुढे जाहिरात पडद्यावर गेली, तेव्हा न छापताही भेद करता येऊ लागला. घराची जाहिरात कोणास दिसावी आणि कोणास दिसूच नये, हे यंत्र ठरवू लागले. ह्यावरून अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने मार्च २०१९ मध्ये फेसबुकवर आरोप ठेवले, आणि जून २०२२ मध्ये तडजोड होऊन त्या कंपनीस आपली पद्धत बदलावी लागली. आपल्याकडेही घरे आता पडद्यावरच शोधली जातात. तेव्हा हा धडा आपणांसही घेण्यासारखा आहे.

परंतु परदेशाचे दाखले देण्याची फारशी गरजच नाही. जे वाक्य आपणांस हवे आहे, ते आपल्याच संसदेने दोन वेळा लिहिलेले आहे. एचआयव्ही व एड्स ह्यांसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यात, त्या रोगाच्या कारणावरून कोणास राहण्याचा, घर विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा किंवा अन्य प्रकारे त्यात वास्तव्य करण्याचा हक्क नाकारू नये, अशी तरतूद आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१९ च्या कायद्यातही जवळजवळ त्याच शब्दांत ती आहे. म्हणजे खाजगी घराच्या व्यवहारात कायद्याने लक्ष घालता येत नाही, हा आक्षेप संसदेने स्वतःच दोनदा निकालात काढला आहे. जे रुग्णास व तृतीयपंथीयास दिले, ते जात, धर्म, भाषा, लिंग ह्या कारणांवरून नाकारल्या जाणाऱ्यांस का देऊ नये? जमीन, भाडे व सहकार हे विषय तर राज्याच्या अधिकारातही येतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मनावर घेतले, तर भाड्याच्या व सहकाराच्या कायद्यांत असे एकेक कलम घालता येईल, आणि त्यात जाहिरातीचा स्वतंत्र उल्लेखही करता येईल.

आता घरमालकाची बाजू. तीही ऐकली पाहिजे. कारण श्रोत्यांपैकी पुष्कळजण घरमालक असतील, आणि त्यांतील बहुतेक सज्जनच आहेत. ते म्हणतात, 'घर आमच्या घामाचे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. घरात देवधर्म आहे, वृद्ध माणसे आहेत. आम्हांस आमच्या रीतीने राहू द्या.' ह्यात गैर काही नाही. परंतु अट दोन प्रकारची असते : एक वागण्याची, दुसरी जन्माची. भाडे पाच तारखेस द्यावे, रात्री दहानंतर गोंगाट करू नये, भिंतीस खिळे ठोकू नयेत, ह्या वागण्याच्या अटी. त्या कोणालाही पाळता येतात. अमुक जातीचा नसावा ही जन्माची अट. ती पाळणे मनुष्याच्या हातात नसते. शाकाहाराची अट ह्या दोहोंच्या सीमेवर उभी आहे, आणि तिच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. आपणांस न रुचणाऱ्या आडनावाच्या मनुष्याने 'ह्या घरात मी मांस शिजविणार नाही' असे लिहून दिले, तर आपण त्याला जागा द्याल काय? द्याल, तर आपली अट खरोखर आहाराची आहे. नाही द्याल, तर आहार हे निमित्त आहे, आणि अट दुसरीच आहे. ही कसोटी लावण्यास न्यायालय लागत नाही; रात्री दिवा मालवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनाशी ती लावून पाहावी.

लहान समाजाने एकत्र राहावे काय, असाही प्रश्न येतो. ज्यांस इतरत्र दारे बंद असतात, ते एकमेकांजवळ राहावयास जातात, ही मनुष्याची रीत आहे. मुसलमानांचा मोहल्ला, दलितांचे नगर ही पुष्कळदा आवडीने नव्हे तर नाइलाजाने वाढलेली असतात. मग त्याच वस्त्यांकडे बोट दाखवून आपण म्हणतो, 'ते लोक वेगळेच राहतात.' आधी दार लावावयाचे आणि मग बाहेरचा आत आला नाही म्हणून त्यास दूषण द्यावयाचे, हा न्याय नव्हे. ज्या शहरात सर्वांस सर्वत्र जागा मिळते, तेथे जे एकत्र राहतील ते खरोखर स्वेच्छेने राहतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ज्या गोष्टी हातात आहेत त्या थोड्या नाहीत. घरमालकाने जाहिरातीतील शेवटची ओळ खोडावी, आणि आडनावाऐवजी भाडे देण्याची ऐपत व मागील घरमालकाचा अभिप्राय विचारावा. दलालाने गिऱ्हाईकास स्पष्ट सांगावे, की हा निरोप मी पोहोचविणार नाही. वर्तमानपत्राने अशा ओळी छापण्याचे नाकारावे. चार ओळींच्या पैशांसाठी अग्रलेखातील समतेस बट्टा लावून घेऊ नये. सोसायटीच्या कार्यकारी समितीने तेविसावे कलम एकदा मोठ्याने वाचावे, आणि नकार द्यावयाचाच असेल तर कारण लेखी द्यावे. पुष्कळ कारणे अशी असतात की ती कागदावर उतरविताना हात आपोआप थांबतो. आणि ज्यास नाकारले जाते त्याने जाहिरातीचे कात्रण, संदेश, दूरध्वनीची वेळ जपून ठेवावी. १९५५ चा कायदा त्याच्या बाजूस असेल, तर त्यास पुराव्याची तेवढीच वाट पाहावी लागते.

परभणीच्या रेल्वे स्थानकाच्या परिसरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली, तेव्हा सारे शहर ढवळून निघाले, आणि पुढच्या काही दिवसांत त्याने मोठे दुःखही पाहिले. एखाद्या ग्रंथाचा मान लोकांस एवढा वाटावा, ही गोष्ट त्या ग्रंथास भूषणावह आहे. परंतु त्याच स्थानकावर उतरून, हातात ट्रंक घेऊन, खोलीच्या शोधात जो विद्यार्थी शहरात शिरतो, त्याला त्या ग्रंथाची किंमत पुतळ्यापाशी कळत नाही. ती पहिल्या घराची कडी वाजविल्यावर कळते. दार उघडणाऱ्याने त्यास भाडे विचारावे, डिपॉझिट सांगावे, पाणी किती वाजता येते ते सांगावे, आणि तेवढ्यावरच थांबावे. त्या ग्रंथातील पुष्कळ पानांचा अर्थ त्या थांबण्यात येऊन जाईल.